लेस्टरच्या झिंबाब्वेकर आज्यांच्या आठवणी माझ्या कपाटात आहेत. त्या कशा जपाव्यात?

प्रश्न : गंगापूररोडवासी

मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझी मुलगी इंग्लंडमधील लेस्टर शहरात परिचारिका असून गेल्या वर्षी मी तिच्याकडे सहा महिने राहून आले. तिच्या कितीतरी सहकारी मैत्रिणी मूळच्या झिंबाब्वेच्या आहेत, आणि त्यांच्या आया, सासवा व मावश्या दर गुरुवारी एका चर्चच्या सभागृहात जमतात. मला दिवसभर काही काम नसे, म्हणून मुलीची एक मैत्रीण मला तिथे घेऊन गेली, आणि तिसऱ्याच गुरुवारी त्या मंडळींनी माझ्यावर एक काम सोपवले : प्रत्येकीजवळ बसायचे, तिला तिच्या आयुष्याविषयी विचारायचे आणि ती जे सांगेल ते फोनवर ध्वनिमुद्रित करायचे. ‘आमच्या मुलांना रात्रपाळीमुळे ऐकायला सवड नाही, आणि परक्या बाईला सांगताना कोण कोणत्या घराण्यातली हे आड येत नाही,’ असे एका आजींनी मला स्पष्टच सांगितले.

अशी २३ ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत १९८० सालच्या १८ एप्रिलची स्वातंत्र्याची रात्र आहे. २००५ साली ‘मुराम्बात्स्विना’ नावाच्या सरकारी मोहिमेत बुलडोझरखाली गेलेली घरे आहेत. २००८ सालची ती महागाई आहे, जिच्यापायी पुढच्याच जानेवारीत शंभर लाख कोटी डॉलरची एक नोट छापावी लागली. बोलणे मुख्यतः इंग्रजीत आहे, पण एखादे गाणे, शिवी, प्रार्थना किंवा मेलेल्या माणसाचे नाव आले की त्या आपोआप शोना किंवा एन्डेबेले भाषेत शिरतात. मी वहीत प्रत्येकीचा मराठी सारांश लिहीत गेले आणि नाशिकला परतल्यावर त्यांचे एक मराठी पुस्तक करावे, असे मनाशी ठरवले.

नाशिकला आल्यावर पहिल्याच पावसात जुना फोन भिजला. दोन ध्वनिमुद्रणे केवळ त्यातच होती, आणि दुरुस्तीहून फोन परत आला तेव्हा त्याची स्मृती कोरी झालेली होती. राहिलेली २१ मी संगणकावर उतरवून घेतली. पुढे पितृपक्षात लेस्टरहून निरोप आला की त्यांपैकी एक आजी वारल्या आणि त्यांच्या नातवाला त्यांचा आवाज हवा आहे. मी फाइल व्हॉट्सॅपवर पाठवली. दोन दिवसांनी त्याचा प्रश्न आला : ‘मधल्या नऊ मिनिटांत आजी काय बोलते? मला शोना येत नाही.’ मी वही उघडली. त्या नऊ मिनिटांच्या जागी माझ्याच अक्षरात एवढेच लिहिलेले होते : ‘येथे एक लोककथा सांगितली.’

तेव्हापासून मराठी पुस्तकाचा उत्साह ओसरला असून हे सारे नेमके कसे आणि कोणासाठी जपायचे, असा प्रश्न पडला आहे. ध्वनिमुद्रणे कोठे ठेवावीत, त्यांची नोंद कशी करावी आणि माझ्या मराठी सारांशांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : जुनी पोथी

ताई, मी आयुष्यभर हस्तलिखिते आणि नंतरच्या काळात ध्वनिफिती सांभाळण्याचे काम केले आहे, म्हणून आधी कोरडे पण तातडीचे सांगतो. फोनने ज्या स्वरूपात ध्वनिमुद्रण केले, ती मूळ फाइल आहे तशीच ठेवावी. तिचे नाव बदलायचे तर प्रतीचे बदलावे, मूळ फाइलचे नव्हे. व्हॉट्सॅपवरून फाइल पाठवायची वेळ आली तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही. नातवाकडे गेलेली प्रत दाबलेली असण्याची शक्यता आहे, ती पुन्हा पाठवा. एकूण तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या शहरात, म्हणजे तुमच्या बाबतीत मुलीकडे. यापुढे कोणी ध्वनिमुद्रण करणार असेल तर त्याने ते ‘वेव्ह’ स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने करावे. मात्र जुन्या दाबलेल्या फाइलींचे ‘वेव्ह’मध्ये रूपांतर केल्याने त्यांचा दर्जा वाढत नाही, पातळ झालेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून ते घट्ट होत नसते.

आता नोंदीविषयी. तुम्ही नाशिकच्या आहात, तेव्हा रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तुम्ही पाहिल्याच असतील. शे-दोनशे वर्षांपूर्वी कोणी अस्थी घेऊन आला, तर त्याचे गाव, कूळ, बापाचे आणि आज्याचे नाव, बरोबर कोण होते, हे त्याच्याच हाताने किंवा त्याच्या सांगण्यावरून लिहिले गेले, आणि आज त्याचा पणतू आला की उपाध्ये गाव विचारून नेमके तेच पान काढून देतात. वही ग्रंथालयाच्या विषयवारीप्रमाणे लावलेली नसते. येणारा माणूस स्वतःला ज्या रीतीने ओळखतो, त्या रीतीने ती लावलेली असते. तुमच्या २१ ध्वनिमुद्रणांना ‘स्थलांतर’, ‘स्त्रीजीवन’, ‘महागाई’ असे मथळे देऊ नका. त्या आज्यांच्या नातवंडांनी उद्या कोणती खूण सांगून आपले पान मागितले असते, ते आधी शोधा.

तुमचे मराठी सारांश फेकू नयेत, परंतु त्यांना नकाशा समजावे, प्रदेश समजू नये. प्रत्येक सारांशाच्या बाजूला मिनिट आणि सेकंद घाला, म्हणजे ऐकणाऱ्याला जागा सापडेल. शोना आणि एन्डेबेलेतले भाग मात्र त्या भाषेच्या माणसाकडूनच उतरवून घ्यावे लागतील, आणि उतरवल्यानंतरही आवाजाची सुट्टी होत नाही, कारण शोना ही सुरांची भाषा आहे आणि तिच्या प्रचलित लेखनात सूर दाखवले जात नाहीत. कागदावर सारखे दिसणारे दोन शब्द तोंडात निराळे असू शकतात.

उत्तर : पंचवटीकर

विषय चांगला आहे, परंतु एक शंका मोकळेपणाने मांडतो. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या माणसांच्या आठवणी कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या नाहीत. नाशिकच्या माणसाने आपला वेळ आणि कपाट झिंबाब्वेच्या लोकांसाठी का द्यावे?

उत्तर : शरणपूरचा जुना विद्यार्थी

पंचवटीकरांची तक्रार अर्धी मान्य आहे. द्राक्षबागांतल्या माणसांविषयी त्यांनीच सुरुवात केली तर मी त्यांच्याबरोबर येईन. परंतु आफ्रिकेतून तुटून आलेल्या माणसांशी नाशिकचा संबंध नाही, असे मात्र म्हणता येत नाही. आपण रोज ज्या शरणपूर रस्त्याने जातो त्या शरणपुरात, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आफ्रिकी मुलामुलींचा एक आश्रम होता. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून ब्रिटिश आरमार ज्या मुलांना मुंबईस उतरवी, त्यांतली कित्येक मुले येथे वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि इंग्रजी लिहू-वाचू लागली. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. त्यांच्यापैकी काही जण १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाबरोबर आफ्रिकेत गेले, काही १८७२ साली त्याच्याकडे पाठवलेल्या तुकडीत होते. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचे काळीज ज्या झाडाखाली पुरले त्या झाडावर नाव आणि तारीख कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या शाळेत शिकलेला, याओ जमातीचा तरुण होता. ते शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. (आपल्या प्रश्नातील झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याचा दिवसही १८ एप्रिलच आहे, हा केवळ योगायोग, पण इतिहासाच्या शिक्षकाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.)

मला मुख्यतः पुढचे सांगायचे आहे. १८७५ साली आजच्या केनियातील मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही वसाहत वसली, ती वसवणारे प्राइस साहेब पूर्वी नाशिकलाच होते, आणि येथली बरीच आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. आज शरणपुरात उभे राहून त्यांच्याविषयी काही शोधू गेले तर काय मिळते? मिशनऱ्यांची पत्रे, वार्षिक अहवाल आणि प्रवाशांची वर्णने. वेनराइट, वेलिंग्टन, गार्डनर ही नावेही त्यांना येथे किंवा मुंबईत मिळालेली. आईने कोणत्या नावाने हाक मारली, हे बहुतेकांच्या बाबतीत कोणी विचारून लिहिलेले दिसत नाही. वेनराइटने स्वतः लिहिलेली दैनंदिनी हा त्यातला मोठा अपवाद, आणि तीही इंटरनेटवर सर्वांसाठी खुली व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. ज्यांनी त्या मुलांना सांभाळले ती माणसे दुष्ट नव्हती, त्यांनी नोंदीही भरपूर ठेवल्या. पण त्या नोंदी मुलांसाठी नव्हत्या, लंडनच्या समितीसाठी होत्या. ताई, तुमच्या वहीतले ‘येथे एक लोककथा सांगितली’ हे वाक्य वाचून मला त्या अहवालांचीच भाषा आठवली, हे नम्रपणे सांगतो.

उत्तर : बुलावायोचा जुना रहिवासी

मी नाशिकचा असलो तरी १९९० च्या दशकात एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या कामानिमित्त काही वर्षे झिंबाब्वेतील बुलावायो शहरात होतो. ‘जुनी पोथी’ यांनी खूण शोधा म्हटले आहे, ती खूण मला ठाऊक आहे असे वाटते. शोना लोकांत प्रत्येकाला ‘मुटुपो’ असतो : शुंबा म्हणजे सिंह, सोको म्हणजे माकड, न्झोउ म्हणजे हत्ती, मोयो म्हणजे हृदय. तो बापाकडून येतो, त्या प्राण्याचे किंवा अवयवाचे मांस त्या कुळाला वर्ज्य असते आणि एकाच मुटुपोत लग्न करीत नाहीत. मराठी माणसाला याचे भाषांतर करावे लागत नाही, आपल्याकडे त्याला देवक म्हणतात. मुटुपोच्या जोडीला ‘चिडावो’ ही उपशाखेची खूण असते, आणि कुळाची स्तुती म्हणून दाखवण्याची कवने असतात; सून पाणी घेऊन आली किंवा मुलाने चांगले काम केले की घरातील वडीलधारी स्त्री त्या कवनातूनच आभार मानते. तुमच्या ध्वनिमुद्रणांत कोणी एका दमात पुष्कळ नावे आणि विशेषणे म्हणत गेली असेल, तर ती बहुधा हीच आहेत. तिथे वंशावळ आहे, आणि स्थलांतराचा मार्गही आहे, कारण त्यांत डोंगर, नद्या आणि जुनी थडगी नावानिशी येतात.

दुसरी खूण गावाची. ‘कुमुशा’ म्हणजे मूळ गाव. शहरात तीन पिढ्या गेल्या तरी ते सुटत नाही. जिथे आपला ‘रुकुवुते’ पुरला ते गाव आपले, असे ते म्हणतात, आणि रुकुवुते म्हणजे नाळ. आता हे मराठीत आणखी कसे समजावू? सरकारी ओळखपत्राच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडेही बापाच्या मूळ जिल्ह्याचे असतात. ज्यांचे बाप-आजे न्यासालँडहून, म्हणजे आजच्या मलावीहून, किंवा मोझांबिकहून मळ्यांवर आणि खाणींत मजुरीला आले, त्यांच्या पत्रावर त्या जागी ‘००’ असे. त्या देशात जन्मलेल्या माणसाचा जिल्हा शून्य-शून्य! त्यांना हिणवून ‘माभुरांदाया’, म्हणजे मलावीतल्या ब्लँटायर शहराकडचे, म्हणत. २००० नंतर मळे ताब्यात घेतले गेले तेव्हा यांतले असंख्य मजूर बेघर झाले, आणि २००१ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने परक्या देशाचा हक्क लेखी सोडून न देणाऱ्या अनेकांचे नागरिकत्वही गेले. म्हणजे लेस्टरच्या सभागृहात ‘झिंबाब्वेच्या’ म्हणून बसलेल्यांपैकी काही जणी दोनदा स्थलांतरित असू शकतील. कोणी आजी म्हणाल्या असतील की आजोबा उत्तरेकडून चालत आले, तर ते याओ किंवा चेवा असण्याची शक्यता आहे, आणि मग शरणपूरच्या जेकब वेनराइटचे नि त्यांचे मलावी सरोवर एकच. (हे नाते मी ओढूनताणून जोडत नाही, पण ते न तपासता नोंदीतही घालू नका.)

तिसरी सूचना नावांची. शोना स्त्रीला पहिले मूल झाले की ती ‘माई अमुक’ होते, म्हणजे अमुकची आई. पुढे आंबुया किंवा गोगो, आजी. एकच बाई तीन ध्वनिमुद्रणांत तीन नावांनी येऊ शकते. गावांचेही तसेच. सॉल्सबरीचे हरारे १९८२ साली झाले, फोर्ट व्हिक्टोरियाचे मास्विंगो, उमतालीचे मुतारे, ग्वेलोचे ग्वेरू. सांगणारी ‘ग्वेलो’ म्हणाली असेल तर उताऱ्यात ग्वेलोच ठेवावे आणि नोंदीत ग्वेरू लिहावे. कोणा मुघल कागदात नाशिक हे गुलशनाबाद म्हणून आले, तर आपण कागद खोडत नाही.

एक धोक्याची गोष्ट. एन्डेबेले बोलणाऱ्या, १९५० ते १९७५ च्या दरम्यान माताबेलेलँडमध्ये जन्मलेल्या कोणी आजी असतील, तर १९८३ आणि १९८४ ही साले त्यांच्या बोलण्यात जपून ऐका. त्या काळात सैन्याच्या पाचव्या ब्रिगेडने तिथे जे केले त्याला ‘गुकुराहुंडी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ भुसा वाहून नेणारा पहिला पाऊस. मृतांचा आकडा २०,००० पर्यंत सांगितला जातो. गावकऱ्यांना जमवून रात्रभर शोना भाषेतली गाणी म्हणायला लावली जात, तेव्हा ध्वनिमुद्रणात ‘गाणे’ आहे म्हणून आनंदाने ते समारंभात वाजवू नका. बेपत्ता झालेल्यांचे मृत्यूचे दाखले मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या मुलांना जन्माचे दाखले मिळवताना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. मी बुलावायोत होतो तेव्हा शेजारचा कारागीर ही हकीकत सांगताना आधी रेडिओ मोठा करीत असे.

गंगापूररोडवासी

सर्वांचे आभार. शरणपूरच्या विद्यार्थ्यांचा टोला मला लागला आणि तो योग्यच होता.

बुलावायोच्या रहिवाशांचे उत्तर वाचून मात्र एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. पंधराव्या ध्वनिमुद्रणात एक आजी १९८४ सालच्या आपल्या गावाविषयी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात म्हणाल्या, ‘हे बंद कर.’ मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तो बंद करायला हवा होता. मी केला नाही. मी तेव्हा स्वतःला सांगितले की घाईत राहून गेले, पण ते खरे नाही. ही हकीकत पुन्हा कोणी सांगणार नाही, असे इतिहासाच्या शिक्षिकेला वाटले. त्यानंतरची अकरा मिनिटे त्या फाइलमध्ये आहेत. मी ती परत ऐकलेली नाहीत. त्यांचे काय करावे?

उत्तर : जुनी पोथी

माझे मत कदाचित कठोर वाटेल. अशी साक्ष एकदा पुसली की ती कायमची गेली. तो भाग वेगळा काढावा, कुलूपबंद करावा, ३० किंवा ५० वर्षे कोणी उघडू नये अशी लेखी अट घालावी. अभिलेखागारांत अशा अटी नेहमी असतात. लेस्टर विद्यापीठात ईस्ट मिडलँड्स ओरल हिस्ट्री अर्काइव्ह आहे, तिथल्या लोकांना अशा अटी नवीन नाहीत. बाकीच्या वीस ध्वनिमुद्रणांसाठीही तेच घर योग्य आहे, नाशिकचे कपाट नव्हे. एक प्रत पुढेमागे हरारेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायची की नाही, हे सांगणाऱ्यांनी ठरवावे; तिथे मौखिक इतिहासाचा विभाग आहे.

उत्तर : बुलावायोचा जुना रहिवासी

पोथीकाका, कुलूप कोणाच्या हातात, हाच तर त्या देशातल्या माणसाचा प्रश्न आहे. आजी हयात आहेत. त्यांना विचारावे, आणि त्या म्हणतील ते करावे. मधला मार्ग मला दिसत नाही. एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्या : त्यांचे नातेवाईक अजून त्याच गावात राहत असतील, आणि त्या स्वतः ब्रिटनमध्ये आश्रय मागून राहिल्या असतील, तर गृहखात्याला दिलेल्या जबाबात आणि या ध्वनिमुद्रणात एखादी तारीख इकडची तिकडे असली तरी ती त्यांच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. साठ-सत्तर वर्षांचे माणूस तारखा चुकते. कचेरीला ते खोटे वाटते.

उत्तर : लेस्टरची मुलगी

मी गंगापूररोडवासी यांची मुलगी. आई, तू हे मला फोनवर सांगितले असतेस तरी चालले असते. पण सर्वांसमोर विचारलेस तर उत्तरही इथेच लिहिते.

गेल्या गुरुवारी माझी सुट्टी होती, म्हणून मी सभागृहात गेले. त्या आजींना बाजूला घेऊन तुझ्या वतीने सर्व सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी कानाला हेडफोन लावून ती अकरा मिनिटे एकदा शेवटपर्यंत ऐकली. त्यानंतर चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, पूस. मी पोथीकाकांनी सुचवलेली पन्नास वर्षांची अटही त्यांना समजावून सांगितली. त्यावर त्यांचे उत्तर असे : ‘ज्यांची नावे मी त्यात घेतली आहेत, त्यांना तू पन्नास वर्षांनी विचारायला जाणार आहेस का?’ माझ्याकडची प्रत मी त्यांच्यासमोर पुसली. तुझ्याकडच्या प्रतींतून तू पुसल्यास की त्यांना कळवायचे, असे मी कबूल केले आहे.

आणखी दोन गोष्टी. तुझ्या वहीत चौथ्या आजींच्या नावापुढे ‘काही वर्षे बीबीसीत नोकरी’ असे लिहिले आहेस, ते दुरुस्त कर. त्या नभोवाणीवर कधीच नव्हत्या. हरारेमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, २००२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने झिंबाब्वेच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला त्याच्या काही महिने आधी इथे आल्या आणि वृद्धाश्रमात कामाला लागल्या. इथले झिंबाब्वेकर त्या कामाला थट्टेने बीबीसी म्हणतात, ‘ब्रिटिश बॉटम क्लीनर्स’. मुख्याध्यापिकाबाई हे सांगताना हसतात, हे खरे. पण तुझ्या नोंदीवरून त्यांच्या नातीला वाटले असते की आजी बातम्या वाचत होती.

दुसरी गोष्ट त्या नऊ मिनिटांची. वारलेल्या आजींचा नातू त्या दिवशी आला होता. मोठ्या आवाजात ती गोष्ट लावली. ती सशाची गोष्ट आहे, न्गानो. आजी सुरुवातीला ‘पाइवापो’ म्हणतात, म्हणजे आपले ‘आटपाट नगर होते’, आणि मग थांबतात. फोनवर ऐकताना मला नेहमी वाटायचे की तिथे ध्वनिमुद्रण तुटले आहे. ते तुटलेले नाही. ऐकणाऱ्यांनी तिथे ‘द्झेप्फुंदे’ असा हुंकार द्यायचा असतो, आणि तू तो दिला नाहीस म्हणून त्या थांबल्या होत्या. सभागृहातल्या सगळ्या बायकांनी तो दिला. पुढच्या प्रत्येक वाक्यानंतर दिला. चौथ्या-पाचव्या वाक्यापासून नातूही देऊ लागला. आता तो आणि मुख्याध्यापिकाबाई मिळून ती गोष्ट शोनामध्ये उतरवून घेत आहेत, आणि सभागृहातल्या बायकांनी ठरवले आहे की नोंदवही मुटुपोप्रमाणे लावायची, वही त्यांच्याकडे राहील आणि अभिलेखागाराला तिची नक्कल द्यायची. ज्यांच्या आजोबांच्या पत्रावर ‘००’ होते अशा दोघी जणी आहेत. त्यांनी त्यांचे याओ कुळाचे नाव सांगितले आहे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहिले जाईल.

गंगापूररोडवासी

आज दुपारी संगणकावरच्या आणि हार्ड डिस्कवरच्या प्रतींतून ती अकरा मिनिटे काढून टाकली. मुलीला तसे कळवले आहे. मूळ फाइल आहे तशी ठेवावी हा पोथीकाकांचा पहिलाच नियम मी यात मोडला, याची जाणीव आहे. नोंदवहीत पंधराव्या ध्वनिमुद्रणासमोर असे लिहिले : ‘येथे अकरा मिनिटे नाहीत. ती सांगणारीच्या परवानगीशिवाय घेतली गेली होती आणि तिच्या इच्छेने पुसली.’ बीबीसीची नोंदही दुरुस्त केली.

पोथीकाकांना एक शेवटचे विचारते. एका आजींकडे हरारेमधल्या त्यांच्या बरियल सोसायटीची, म्हणजे अंत्यविधीसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळाची, जुनी वही आहे. भिशीच्या वहीसारखी आहे. नावे, वर्गणी, कोणाचे शव कोणत्या गावाला कोणत्या गाडीने पोहोचवले, असा सारा तपशील आहे. पाने सुटली आहेत आणि कडांना बुरशी आहे. ती आधी साफ करून घ्यावी, की आहे तशीच स्कॅन करावी?

उत्तर : जुनी पोथी

आहे तशीच. घासू नका, सेलोटेप लावू नका, पाने क्रमाने लावण्याचाही मोह आवरा. आधी ज्या क्रमाने सुटली आहेत त्याच क्रमाने प्रत्येकाचे छायाचित्र घ्या, मग ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन करा. कोरी पानेसुद्धा. बुरशी लागलेली वही इतर कागदांपासून वेगळी, कोरड्या हवेशीर जागी ठेवा आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा. गाडीचा क्रमांक लिहिला असेल तर तो मला अवश्य कळवा. केवळ उत्सुकता म्हणून विचारतो.